सिनेमातून गाळलेल्या काकू

आमच्या शेजारच्या काकूंइतका कादंबरी या प्रकारावर डूख धरलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. वाचून वैतागणारे पुष्कळ असतात; काकूंच्या तर घरातच एक कादंबरी झाली होती. काका शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांनी एका फौंड्री कामगाराची गोष्ट लिहिली. ती छापून आली, गाजलीही. त्या कामगाराला एक बायको होती. ती पहाटे भांडी आपटायची, भाकरी करपवायची आणि नवरा ताटावर बसला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्यावर ओरडायची. ही बाई कोण, हे ओळखायला आमच्या गल्लीला समीक्षक लागला नाही.

तेव्हापासून काकूंनी साहित्याविरुद्ध आघाडी उघडली. "असं वरडायला मला काय याड लागलंय व्हय?" हा प्रश्न त्या अशा पट्टीत विचारायच्या की समोरच्या गिरणीवाल्यानं पट्टा बंद करून बाहेर डोकवावं. पेठ वडगावचे एक मास्तर कादंबरीवर काकांची सही घ्यायला आले, तर काकूंनी त्यांना दारातच गाठलं. "पावणं, सही घ्या, पन त्यातली करपल्याली भाकरी खोटी हाय." आणि पुरावा म्हणून मास्तरांना पांढऱ्या रश्श्याबरोबर पोट फुटेस्तोवर भाकऱ्या खायला लावल्या. काका नुसते हसायचे. ते कुणी काहीही बोललं तरी हसायचेच.

काका गेल्यावर काही वर्षांनी सिनेमावाली मंडळी आली. काकूंनी परवानगी दिली, पण एका अटीवर : "ती बाई जरा माणसागत दाखवा." तरुण दिग्दर्शकानं मान डोलावली.

पहिल्या खेळाला काकू ठेवणीतलं इरकल नेसून माझ्याबरोबर आल्या. पडद्यावर भट्टी पेटली, नायक चालत आला. "चालतोय तर ह्यांच्यागतच की!" काकू खूश झाल्या. मध्यंतर झालं, तरी बायकोचा पत्ता नव्हता. "येईल आता," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून बसल्या. मध्यंतरानंतर नायक कामावरची पाळी संपवून घरी आला, स्वतःच कुलूप काढलं, अंधारात बसून कागदातला वडापाव खाल्ला. "आन् ती कुठं गेलीया?" काकूंनी मोठ्यांदा विचारलं. पुढच्या रांगेतली माणसं हसली. बायको शेवटपर्यंत आली नाही.

बाहेर दिग्दर्शक भेटला. "काकू, बायको काढून टाकली. त्यामुळं नायकाचं एकटेपण जास्त पोचतं," तो उत्साहानं म्हणाला. मी मनातल्या मनात कानांवर हात ठेवले. पण काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला काढलंसा त्याचं काय न्हाय, बाळा. पन त्यास्नी एकटं का रं ठेवलंसा? भट्टीवरनं येनाऱ्या मानसाला ताट वाढाय कुनी नको?"

परत येताना रिक्षात काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं, अपमान गिळतायत. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "जाऊ द्या काकू, कादंबरीत तरी तुम्ही आहात."

"त्यातबी समदं कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "मशीनच्या आवाजानं ह्यांचं कान गेलतं. हळू बोललं की कायबी कळायचं न्हाय. 'कुनाला सांगू नगंस, कामावरनं काढतील,' हे म्हनायचं. मग मी वरडायची. दिवसभर कुनाचं काय ऐकलं न्हाई, निदान जेवताना तरी कुनीतरी बोलतंय असं वाटावं की मानसाला. आन् नोकरीत असताना त्यांनी तरी ते कसं लिवायचं?"

हे सगळं काकू इतक्या हळू बोलल्या, की रिक्षाच्या धडधडीत ऐकू यावं म्हणून मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला.