नांगराखालचा निळा तारा

शुद्धलेखन चुकलं असेल, आणि अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याची माफी. चौथीनंतर पेन फारसा हातात आला नाही. हे माझ्यापुरतंच लिहून ठेवते आहे.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानात सरांनी दुर्बिणीतून तारे दाखवले. पोरीला आणायला गेले होते, तर मीही रांगेत उभी राहिले. आमच्याकडे जुनी माणसं ज्या तीन ताऱ्यांना नांगर म्हणतात, त्यांच्या खाली एक निळसर पांढरा तारा आहे. सर म्हणाले, हा राजन्य. सूर्याहून कितीतरी मोठा, कितीतरी तापलेला, आता उतारवयात आलेला. त्याचा उजेड थोडा कमीजास्त होत राहतो. मला पुन्हा पाहायचं होतं. मागे लोक उभे होते. बाजूला झाले, तशीच घरी आले.

वाटेतच ठरवलं, आपली दुर्बीण घ्यायची.

आमच्या बचत गटात कर्ज हवं तर उभं राहून कारण सांगावं लागतं. मी सांगितलं. सगळ्या हसल्या.

"कायले वो दुर्बीण? शेळी घे, दूध तरी देईन," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तिले आभाळात दुसरा नवरा पाहाचा असन!" मागून कोणीतरी बोललं.

मी तरी खाली बसले नाही. "मले तो तारा पाहाचा आहे," म्हटलं. "धानाच्या रोवण्याच्या मजुरीतून फेडीन." हसता हसता हात वर झाले, कर्ज मंजूर झालं.

दुर्बीण आली. जेवणं झाली की अंगणातून पाहायचे. एका संध्याकाळी तारा खरंच मंद दिसला. धावत नवऱ्याला सांगितलं.

"अवो, राइस मिलचा धूर होय तो," ते म्हणाले.

पाहिलं तर शेजारचे तारेही मंदच. तेव्हापासून त्याला एकट्याला पाहत नाही, बाजूच्या दुसऱ्या ठळक ताऱ्याशी ताडून पाहते. दोन्ही मंद, तर धूर. अजून नक्की काही सांगता येत नाही. फरक फार थोडा असतो, हे सर बोललेच होते. मी पाहणं सोडलं नाही.

उन्हाळ्यात तारा दिसेनासा झाला. पावसात चिखलात वाकून धानाचा रोवणा केला. कंबर धरली, पण हप्ता चुकवला नाही. थंडीत नांगर पुन्हा उगवला, तेव्हा शेवटचा हप्ता घेऊन बैठकीला गेले.

"आमाले कधी दाखवतं तुया तारा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आधी हे घ्या," म्हटलं, आणि पैसे सतरंजीवर ठेवले. त्यांनी मोजले. कर्ज पूर्ण फिटलं.