नाव घेतल्यावरच उठायचं

शैलाताई कांबळे गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. मी तेव्हा साताऱ्याच्या मंडईत होते. फोटो, भोवती फुलांची चौकट आणि खाली ‘संस्थेचा आधारवड हरपला’. पिशवी खाली ठेवून मी ते पुन्हा वाचलं. याच आधारवडाला गेल्या वर्षी ‘आता तुम्ही विश्रांती घ्या’ म्हणून आष्ट्याला घरी पाठवलं होतं. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी फोन पर्समध्ये टाकला. यादीतली उरलेली भाजी घेतली आणि घरी आले... राग आला की हातातलं काम आधी संपवायची माझी सवय आहे.

आमची ओळख तशी उशिराची. शिरवळच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळायची. तो विभाग बंद झाला आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. त्याची इंटर्नशिप सांगलीतल्या या शाळेत होती. शैलाताई मुलांचे संगीतोपचाराचे तास घ्यायच्या, ते बसून पाहायचे आणि निरीक्षणं लिहायची. पहिल्या दिवशी मी रकाने आखून तयार होते. प्राजक्ता नावाची एक मोठी मुलगी भिंतीकडे तोंड करून एकसारखं ‘ऊं’ करत होती. ती बोलत नसे, आणि सगळी शाळा तिला दिवसभर ‘गप्प बस’ म्हणत असे. शैलाताईंनी पेटीच्या पट्ट्या दाबून पाहिल्या आणि एकीवर थांबल्या. “आज काळी दोन हाय बाईसाहेबांची,” म्हणाल्या आणि प्राजक्ताचा तो सूर पेटीवर धरून बसल्या. बराच वेळ झाला तसं मी हळूच विचारलं, “ताई, तास कधी सुरू होणार?”

“कवाच झालाय की. तुमी काय बघताय मग?”

एवढं बोलून त्यांनी भाता थांबवला. प्राजक्ताचा आवाज एकटा पडला. तीही थांबली आणि वळून आधी पेटीकडे, मग ताईंकडे बघायला लागली. ताई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. थोड्या वेळानं प्राजक्तानं पुन्हा ‘ऊं’ केलं, पण या वेळी ताईंकडे बघून. ताईंनी लगेच सूर दिला. कोणीतरी हाक मारावी आणि दुसऱ्यानं ओ द्यावी, तसं ते चाललं होतं. मग ताई मला म्हणाल्या, “लिवा आता. पण मान वर ठिवून लिवा.”

ओंकार स्वतःच्या डोक्यावर हात मारून घ्यायचा. ताईंनी त्याच्या हाताखाली डफ सरकवला आणि तो वाजवेल तसं ढोलकीवर वाजवत राहिल्या. काही दिवसांनी तो मधेच ठेका बदलून त्यांच्याकडे तिरका बघायला लागला. ताई मुद्दाम चुकायच्या. “बघा, मला फसवतोय गडी. लय बेरकी हाय,” असं त्या म्हणाल्या की तो हसून हसून आडवा व्हायचा. त्या तासात त्याचा हात डोक्याकडे जात नसे. माझ्या रकान्यांत यातलं फारसं काही बसलं नाही.

संस्थेला मात्र स्टेजवर बसेल असं काहीतरी हवं होतं. माझ्यासमोर एकदा सचिव दारात उभे राहिले. “ताई, देणगीदार येणार आहेत. एक समूहगीत बसवा. मुलं तुमच्याकडे रोज गातातच ना?”

“गात न्हाईत साहेब.”

“मग तासभर करतात काय?”

“या की आत. दार उघडंच असतंय.”

साहेब आत आले नाहीत. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. पुढं ताईंचे तास कमी झाले, मग तयार ट्रॅक असलेला कीबोर्ड घेऊन एक ऑर्केस्ट्रावाला आला आणि ताईंना निरोपाचा नारळ मिळाला. मी आष्ट्याला भेटायला गेले, तेव्हा त्या स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलल्या नाहीत. “पोरांचा तास ऱ्हावा वो,” एवढंच म्हणत राहिल्या. “माझं काय, मी ऐकलंय लय. त्यांचं कोण ऐकंल आता...”

शोकसभा सांगलीत हॉल घेऊन झाली. फुलं भरपूर होती. भाषणांत ‘समर्पित’ हा शब्द प्रत्येकाच्या वाट्याला आला. मग मुलांना पांढरे कपडे घालून स्टेजवर बसवलं, हातात एकेक वाद्य दिलं आणि निवेदिकेनं सांगितलं की ताईंचंच गाणं मुलं ताईंना अर्पण करतील. गाणं म्हणजे तास संपवताना ताई म्हणायच्या त्या ओळी. ‘पेटी मिटली, चला घरी’ म्हणायचं, पुढं एकेका मुलाचं नाव घ्यायचं आणि ‘उद्या भेटू’ म्हणायचं. ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं, वाद्य ताईंच्या हातात द्यायचं आणि जायचं. नाव आल्याशिवाय कुणी उठत नसे. ताई कुणालाही वगळत नसत. इथं कीबोर्डवाल्यानं ट्रॅक लावला. त्यावर नावं कुठून असणार? संगीत वाजलं, संपलं आणि मुलं बसून राहिली.

निवेदिका म्हणाली, “उठा हं आता.” कोणी उठलं नाही. एका शिक्षिकेनं ओंकारला दंडाला धरून ओढलं, तसा त्याचा हात डोक्याकडे गेला. प्राजक्ताचं ‘ऊं’ सुरू झालं. अध्यक्ष माइक हातात घेऊन म्हणाले, “बसू द्या. बघा, लेकरांचा पाय निघत नाही.” हॉलमध्ये रुमाल बाहेर आले. फोटो काढले गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेच छापून आलं, की ताईंच्या आठवणीनं व्याकूळ मुलांनी व्यासपीठ सोडलं नाही. मुलं व्याकूळ नव्हती. ती आपलं नाव यायची वाट बघत होती.

मी स्टेजवर गेले. मला गाता येत नाही, पण एकेकाचं नाव घेत ताईंच्या त्या ओळी म्हटल्या. प्राजक्ता उठली. ओंकार उठला. एकेकानं माझ्या हातात वाद्य दिलं. शेवटी एक लहान मुलगी उरली, ताईंना घरी पाठवल्यानंतर शाळेत आलेली. तिनं सगळ्यांना उठताना पाहिलं होतं आणि आता ती माझ्याकडे बघत होती. मी कीबोर्डवाल्याला नाव विचारलं. “नवीन हाय, मॅडम. आमी छोटीच म्हणतो.” मी ‘छोटी’ म्हणून पाहिलं. ती हलली नाही. तेवढ्यात पुढच्या वक्त्यांना उशीर होतो म्हणून कोणीतरी तिला उचलून खाली नेलं. ती रडली नाही. मान मागं वळवून बघत गेली.

बाहेर व्हॅनपाशी तिची आई भेटली. मुलीचं नाव शिवानी. व्हॅनच्या खिडकीशी उभी राहून मी त्या ओळी पुन्हा म्हटल्या. शिवानीनं मुठीतली घुंगरांची पट्टी माझ्या हातात दिली आणि सीटवर नीट टेकून बसली.

पुढच्या आठवड्यात मी पट्टी परत करायला शाळेत गेले. सचिवांकडे आठवड्याचा एक तास मागितला. पैसे नकोत, असंही मी सांगितलं. “संमेलन होऊन जाऊ दे, मग बघू,” साहेब म्हणाले. गाण्याच्या खोलीवर आता ‘शैलाताई कांबळे संगीत कक्ष’ अशी नवी पाटी आहे. आत स्टुलांवर मुलं बसवली होती आणि ट्रॅक मोठ्यानं चालू होता. शिवानी पहिल्या रांगेत होती, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. कोपऱ्यात संमेलनाच्या कपड्यांचे गठ्ठे होते आणि पेटी त्यांच्याखाली. मी दारात थोडा वेळ उभी राहिले. घुंगरं वाजू नयेत म्हणून मुठीत धरली होती. मग ती पट्टी परत पर्समध्ये ठेवली. तिथे ती कुणाच्या हातात द्यायची, ते मला कळलं नाही.