शिवमूर्ती पेंटरच्या चकोल्या

शिवमूर्ती पेंटरला आयुष्यात दोनदा दम खायला फुरसत मिळू नये इतकं काम मिळालं. एकदा बहात्तरच्या दुष्काळात आणि एकदा लातूर जिल्हा झाला तेव्हा.

बहात्तर साली तो अठरा वर्षांचा होता. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं त्यांचं खेडं. विहिरी तळाला गेल्या, शेतात कुसळ उगवलं नाही आणि गावच्या गाव खडी केंद्रावर गेलं. शिवमूर्ती सातवी पास, अंगानं किरकोळ. दिवसभर घण मारून त्याचे तळवे सोलून निघायचे. एके दिवशी मुकादमाला खडीच्या ढिगांवर टोळ्यांचे नंबर घालून पाहिजे होते. शिवमूर्तीनं बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला, चुन्यात बुडवला आणि सगळे नंबर घातले. संध्याकाळी ओव्हरसियरची जीप थांबली.

"हे अक्षर कुणाचं?"

शिवमूर्तीनं मान खाली घातली. त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातला घण गेला आणि चुन्याचा डबा आला. मग कामाच्या पाट्या, मैलाचे दगड, पाण्याच्या टाक्या, सगळीकडं त्याचंच अक्षर. दुपारी मजुरांना सरकारी सुकडी वाटली की ती खात तो आपल्याच अक्षराकडं बघत बसायचा. पुढं दुष्काळाचं नाव निघालं की बाकीची माणसं गप्प व्हायची. शिवमूर्तीला मात्र आतून बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची.

पाऊस पडल्यावर तो लातूरला आला, व्यंकट पेंटरच्या हाताखाली पाच वर्षं घासला आणि मग गंजगोलाईच्या मागं एका बोळात स्वतःच्या दोन खोल्या घेऊन राहिला. पुढच्या खोलीत रंगाचे डबे नि पत्रे, मागच्या खोलीत संसार. बायको नागम्मा उदगीरची. मुलगी रुद्राणी, ब्याऐंशी साली पाच वर्षांची.

त्या साली जुलैमध्ये बाजारात एकच घाई उठली होती. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होणार, हे ठरलं होतं. कापडवाले, भांडेवाले, आडते, सगळ्यांना आपल्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'जिल्हा लातूर' पाहिजे होतं, आणि तेही पंधरा तारखेच्या आत. शिवमूर्तीच्या दारात पाट्यांची थप्पी लागली. नेमकी तेव्हाच रुद्राणी तापली आणि तिसऱ्या दिवशी अंगभर गोवर उठला.

नागम्माला आठवा महिना सरत आला होता. डॉक्टर म्हणाले, हिला पोरीपासून लांब ठेवा. उदगीरहून तिचा भाऊ आला आणि तिला बाळंतपणाला घेऊन गेला. एसटीत चढताना नागम्मा रडली नाही. मात्र तीनदा खाली उतरून तिनं नवऱ्याला तेच तेच सांगितलं. ओला वारा लागू देऊ नका. फोडणी देऊ नका. कडुलिंबाचा डगळा उशाला ठेवा.

नऊ दिवस त्यानं सगळं पाळलं. दहाव्या दिवशी शेजारच्या साखराबाईंनी पोरीला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. गोवर उतरला होता, पण भूक काही परतली नव्हती. वरणभात पुढं केला की रुद्राणी ओठ मिटून घ्यायची. दूध दिलं तर नको. केळं दिलं तर एक घास चघळून हातात काढून द्यायची.

"तोंड कडू हाय," ती म्हणायची.

पोरीच्या मनगटातली बांगडी घसरून कोपरापर्यंत जाऊ लागली, तेव्हा शिवमूर्तीचा धीर सुटला. त्यानं साखराबाईंना हाक मारली. ही विधवा बाई चार घरचं दळण-कांडण करून एकटी राहायची. तोंडानं फटकळ, पण बोळातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी पहिल्यांदा तीच दिसायची.

"चकोल्या घाल तिला," साखराबाई म्हणाल्या. "वरणात शिजत्यात, गिळायला जड न्हाईत. गूळ-चिंच घातली म्हंजी तोंडाला चव येतीया."

"मला कुठं येतंय मावशी ते?"

"पत्र्यावर रंग वढतूस की रं एवढा. कणीक लाटाया काय हुतंय? बस इथं."

त्या दिवशी शिवमूर्तीनं आयुष्यात पहिल्यांदा कणीक मळली. मीठ, हळद, ओवा. साखराबाईंनी स्टोव्हवर तुरीचं वरण उकळत ठेवलं, जिऱ्याची फोडणी दिली, चिंचेचा कोळ आणि गूळ घातला. त्यानं लाटलेली पोळी कुठं जाड, कुठं पातळ झाली होती. साखराबाईंनी सुरी त्याच्या हातात दिली. "काप आता शंकरपाळ्यावानी," म्हणून त्या पाणी भरायला गेल्या. पावसानं ओढ दिली होती, नळ तीन दिवसाआड यायचा, तो चुकवून चालत नव्हतं.

शिवमूर्तीनं दोन शंकरपाळी कापली. पण त्याचा हात सरळ रेघेवर थांबणारा नव्हता. दिवसभर जे करायचा तेच हातानं केलं. आधी वरची आडवी रेघ, तिच्यातून खाली गोल वळण, मग तिरपा पाय. पोळपाटावर टपोरा 'र' पडला होता. त्याला स्वतःलाच हसू आलं. त्यानं तो उचलून वरणात सोडला आणि मागोमाग आणखी चार कापले.

ताटलीत वाढलं तेव्हा रुद्राणीनं नेहमीसारखे ओठ मिटले. मग वाकून पाहिलं.

"अप्पा, ह्ये काय हाय?"

"र हाय. रुद्राणीचा र."

"माझा?"

"हाव, तुझाच."

तिनं बोटानं तो उचलला, उलटासुलटा केला, आणि दुसऱ्या कुणी मागायच्या आत तोंडात टाकला. पाचही 'र' संपले. दोन शंकरपाळी तशीच राहिली. शिवमूर्तीनं ती खाल्ली आणि तो बराच वेळ रिकाम्या ताटलीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून हे रोजचंच झालं. सकाळी लिंगपूजा आटोपली की तो कणीक मळून झाकून ठेवायचा, अकरापर्यंत पाट्या रंगवायचा, मग हात राकेलनं पुसून, साबणानं दोनदा धुऊन पोळपाटाशी बसायचा. पत्र्यावर येणारं अक्षर कणकेत येईलच असं नव्हतं. पोळी पातळ झाली की 'ण' शिजताना मोडायचा. 'ब'चं पोट फुगून बंद व्हायचं. 'ग'चे दोन तुकडे होऊन वेगवेगळे पोहायचे. मग त्याच्या ध्यानात आलं की डोक्यावरची रेघ जरा रुंद ठेवली तर सगळं अक्षर तिला धरून राहतं. कणीक घट्ट पाहिजे, पोळी नाण्याएवढी जाड पाहिजे आणि वरण खळखळून उकळल्याशिवाय अक्षर सोडायचं नाही. व्यंकट पेंटरच्या हाताखाली तो रंगकाम जितकं मन लावून शिकला होता, तितकंच मन लावून त्यानं हे सगळं शिकून घेतलं.

रुद्राणी आता शेजारी बसून फर्माइशी करायची. 'ळ' तिला चष्म्यासारखा दिसायचा, तो दोन पाहिजेत. 'ठ' म्हणजे पुरी. 'ऊ' शेपटीवाला, तो शेवटी खायचा. साखराबाई येता-जाता डोकावायच्या.

"आज काय गिळायलीस गं?"

"मावशी, आज उस्मानाबाद हाय."

"अगं बया! आख्खा जिल्हा?"

रुद्राणी मान डोलवायची. 'उ'पासून 'द'पर्यंत पोचायला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं वरण मागून घेतलं आणि वाटी तोंडाला लावली. शिवमूर्ती बाहेर पत्र्यावरचा जुना जिल्हा खरवडत होता. वाटीचा आवाज ऐकून त्यानं खरवडणं थांबवलं.

चौदा ऑगस्टला शेवटची मोठी पाटी उरली होती. विरूपाक्ष शेटांच्या कापड दुकानाची, दहा फुटी. शेटांचा हातगाडीवाला दुपारपासून दारात बिडी ओढत बसला होता. शिवमूर्तीनं पिवळ्या जमिनीवर तांबड्या रंगात दुकानाचं नाव संपवलं, खाली छोट्या अक्षरात पत्ता घेतला. शेवटची अक्षरं चालू होती तेवढ्यात आत वरण उतू गेलं. तो ब्रश टाकून धावला, स्टोव्ह बारीक केला, चकोल्या वाढल्या, आणि बाहेर येऊन सगळ्या पाटीला किनार मारून घेतली.

"झाली. उचल," तो हातगाडीवाल्याला म्हणाला.

रुद्राणी ताटली घेऊन उंबऱ्यावर बसली होती. तिनं खाता खाता पाटीकडं पाहिलं. एकदा ताटलीकडं, एकदा पाटीकडं. मग तिचा चेहरा रडवेला झाला.

"अप्पा, मी न्हाई खाल्ला."

"काय गं?"

"त्यातला माझा र. मी न्हाई खाल्ला. मी ताटलीतलाच खाल्ला."

शिवमूर्तीनं वळून पाहिलं. पाटीवर ठसठशीत लिहिलं होतं, 'जिल्हा लातू'.

हातगाडीवाल्याच्या तोंडातली बिडी खाली पडली. तो असा काही हसायला लागला की बोळातली माणसं बाहेर आली. शिवमूर्ती तिथंच जमिनीवर बसला आणि पोट धरून हसला. मग त्यानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं, तिच्या देखत ब्रश बुडवला आणि सुटलेली जागा भरली. जागा किंचित अपुरी पडली, म्हणून तो 'र' जरा बारीक झाला. विरूपाक्ष शेटांच्या ते कधीच लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बँड वाजत होता, शाळांच्या फेऱ्या निघाल्या होत्या, आणि रुद्राणी बापाच्या खांद्यावरून बाजारातल्या पाट्यांवरचे आपले 'र' मोजत होती.

पुढच्या आठवड्यात उदगीरहून पत्र आलं. मुलगा झाला होता, दोघं सुखरूप. बारा दिवस झाल्यावर शिवमूर्ती रुद्राणीला घेऊन सासुरवाडीला गेला.

सासरे चन्नबसप्पा किराणा दुकानवाले. वागायला शिस्तीचे, बोलायला मोजके. जावयाचं अक्षर चांगलं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याला धंदा म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. दुसऱ्या दिवशी पंगत बसली. सासूबाई गुरम्मांनी पुरण घातलं होतं. रुद्राणीनं ताट बाजूला सारलं.

"मला अप्पाच्या चकोल्या पाहिजेत."

शिवमूर्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सासुरवाडीत, सासऱ्यांसमोर, जावयानं स्वयंपाकघरात जायचं? आतल्या खोलीतून नागम्माचा आवाज आला, "काय म्हणायली ही? कुणाच्या चकोल्या?" पोरीनं मोठ्यानं सगळं सांगून टाकलं. अक्षरं, उस्मानाबाद, चष्मेवाला 'ळ', सगळं.

चन्नबसप्पांनी नातीच्या गालांकडं पाहिलं. गोवरातून उठलेलं पोर वाटत नव्हतं ते.

"शिवमूर्तप्पा," ते म्हणाले, "करा की. आम्ही बी बघतो."

त्यानं मान खाली घालून कणीक मळली. सासरे दारात उभे राहिले, मग आत आले, मग पाट ओढून समोरच बसले. सुरी फिरत गेली तसे ते पुढं वाकत गेले. जोडाक्षर आलं तेव्हा त्यांच्या तोंडून "अब्बा!" निघालं. वाढायची वेळ झाली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या दुकानाचं नाव एवढ्या कणकेत बसंल काय?"

"कणकेत न्हाई बसायचं मामा, लांब हाय. पत्र्यावर बसंल."

"मग पत्र्यावरच करा," चन्नबसप्पा म्हणाले. "उदगीरचा बी जिल्हा बदलला की. आमची पाटी अजून जुनीच हाय."

गुरम्मा त्यांना आणखी वाढू लागल्या, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "साकु, साकु," ते कानडीत पुरे म्हणाले, आणि तरी एक 'उ' उचललाच.

संध्याकाळी शिवमूर्ती बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी बसला. नागम्मा बाजेवर, कानाला फडकं बांधून. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं. त्यानं तिला महिन्याभराचं सगळं सांगितलं. पोरीची बांगडी कोपरापर्यंत जायची, तेही सांगितलं, ते पत्रात लिहिलं नव्हतं. नागम्मानं डोळे पुसले, मग 'जिल्हा लातू' ऐकून तिला इतकं हसू आलं की टाके दुखले.

"हसवू नका," ती म्हणाली. "आता मी आल्यावर काय करू? माझ्या हातचं खाणार हाय का ती?"

"खाईल की. कंटाळलीया ती बी आता. काल एसटीत म्हणाली, अप्पा, भाकर कधी करायची?"

नागम्मानं बाळाला त्याच्या मांडीवर दिलं. बाहेर ओट्यावर रुद्राणी आजोबांना पाटीवर 'ळ' काढून दाखवत होती आणि चन्नबसप्पा तो चुकीचा गिरवून तिच्याकडून बोलणी खात होते.