मामंजींची मिशी

लालबागच्या चाळीत घाडीगावकरांकडे सर्वपित्रीला नारळाला फेटा बांधत. घरचे मूळ पुरुष कोंडीराम अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले, तेव्हा त्यांचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे थोरला मुलगा तात्या पाटावर नारळ मांडायचा, त्याला फेटा गुंडाळायचा, आणि सगळे त्या नारळाच्या पाया पडायचे.

धाकटी सून बकुळा गिरणीत रिळाच्या खात्यात होती. कामाला वाघीण, पण जिभेला हाड नाही. छप्पन साली नमस्कार करून उठताना ती म्हणाली, "मामंजींना शेंडी होती हे कळलं. बाकी चेहरा कसा होता?"

तात्याने डोळे वटारले. बकुळेचा नवरा लवू ना रागावला, ना हसला. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. हात धुताना तो हळूच म्हणाला, "मलाही ठाऊक नाही गं." एवढंच. पण ते बकुळेच्या मनाला लागलं.

परळ नाक्यावर रमाकांत पेंटर बसायचा. दुकानांच्या पाट्या, गणपतीचे पडदे, सगळं करायचा. त्या दिवसांत त्याला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाच्या फलकांपुढे मान वर करायला फुरसत नव्हती. बकुळेने त्याच्याशी सौदा केला: फलकांची ओली कापडं तिच्या गॅलरीत वाळत घालायची, बदल्यात त्याने सासऱ्यांचं चित्र काढून द्यायचं. तेव्हापासून चाळीच्या एका टोकाला 'झालाच' आणि तीन बिऱ्हाडं सोडून 'पाहिजे' फडफडू लागलं.

"चित्र काढतो," रमाकांत म्हणाला, "पण माणूस दिसायचा कसा, ते आणा."

बकुळा आधी तात्याकडे गेली. तात्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, भारदस्त गडी, मोर्चात पहिल्या रांगेत. तो म्हणाला, बाबा म्हणजे देवमाणूस. आणि मिशी अशी, की दोन्ही टोकांवर लिंबू ठरावं. सांगताना त्याचा हात आपसूक स्वतःच्या मिशीवर गेला. मग ती नणंदेकडे, शिवडीला. राधाबाईंचे यजमान गोदीत होते. त्याही म्हणाल्या, देवमाणूस.

बकुळेने हे सगळं पेंटरला नेऊन सांगितलं. त्याने ब्रश खाली ठेवला. "देवमाणसाचं नाक केवढं असतं वहिनी?"

बकुळा खट्टू झाली. त्याच आठवड्यात खात्यात एक गंमत झाली. जेवणाच्या सुट्टीत एकीने दुसरीच्या माहेरची आमटी चुकीची सांगितली, तर दुसरी इतकी पेटली की चिमूटभर हिंगासकट सगळी कृती घडाघडा बोलून मोकळी झाली. बकुळा ते ऐकत राहिली. विचारलं तर माणूस कौतुक करतो. चुकीचं सांगितलं तर खरं काय ते सांगतो. रविवारी ती पुन्हा शिवडीला गेली.

राधाबाई कुळथाची पिठी ढवळत होत्या. बकुळा साळसूदपणे म्हणाली, "वन्सं, मामंजींना टक्कल होतं म्हणे."

"टक्कल?" राधाबाईंची पळी थांबली. "अगो, माज्या बापाशीच्या डोक्यार रान होता, रान! खांद्यापर्यंत केस. मीच विंचरून द्यायची."

"आणि नाक बसकं."

बसकं नव्हतं, सरळ होतं. हनुवटीला खळी होती. डाव्या भुवईत लहानपणी आंब्यावरून पडल्याची खोक होती. बकुळा एकेक चूक करत गेली आणि राधाबाई एकेक सुधारत गेल्या. शेवटी बकुळा म्हणाली, "मिशी मात्र डावीकडे जरा विरळ होती, होय ना?"

राधाबाईंना हसू आवरेना. "कसली मिशी गो?" म्हणाल्या, आणि जीभ चावली. पिठी उतू जायला लागली होती, तिच्याकडे वळल्या. मग पाठमोऱ्याच बोलल्या, "भायखळ्याच्या बाजारात नाना बसतात, बटाटेवाले, बाबांबरोबर दशावतारात असायचे. त्यांना विचार. माझं नाव सांगू नकोस."

नाना पंचाहत्तरीचे होते. कोंडीरामांच्या गावचे आणि गिरणीत त्यांच्याच खात्यातले. बकुळेने शेरभर बटाटे निवडत खडा टाकला, "नाना, आमचे मामंजी दशावतारात भीम व्हायचे ना?"

"भीम?" नाना तराजू ठेवून उभेच राहिले. "भीम मी होतो! कोंडीराम द्रौपदी."

मग दोन गिऱ्हाइकं परत गेली तरी नाना बोलत होते. गिरणीतल्या मालवणी गड्यांनी मिळून मंडळ काढलं होतं. कोंडीराम लुगडं नेसून आला की बायका आपला पदर सावरायच्या. ओठावर एक केस राहू द्यायचा नाही तो. वस्त्रहरणाला असा टाहो फोडायचा की दुःशासन झालेला गडी घाबरून लुगडं सोडून द्यायचा. मग पुढचं नाटक व्हायचं कसं?

बकुळा बटाटे तिथेच विसरून घरी आली. राधाबाई आणि नाना एकमेकांना न भेटता एकच सांगत होते, म्हणजे ते खरं होतं. आणि मामंजी गेले तेव्हा तात्या बारातेरा वर्षांचा होता, म्हणजे त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं. तिने लवूला सांगितलं. तिला वाटलं होतं लवू हसेल. तो म्हणाला, "लुगडं कुठल्या रंगाचं होतं, विचारलंस?" तिला पुन्हा भायखळ्याला जावं लागलं. हिरवं होतं.

रमाकांतने चित्र छान काढलं. खांद्यापर्यंत केस, भुवईतली खोक, हनुवटीची खळी, ओठ स्वच्छ. तात्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मिशी नसेल तर हे माझ्या भिंतीवर लागणार नाही. बकुळेने वाद घातला नाही. बरं म्हणाली आणि चित्र परत घेऊन गेली.

आठ दिवसांनी चित्र काचेची चौकट लावून आलं. ओठावर झुपकेदार मिशी. तात्याने स्वतः खिळा ठोकला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मिशी चित्रावर नव्हतीच. बकुळेने ती रमाकांतकडून काचेवर रंगवून घेतली होती, पाण्यात कालवलेल्या रंगाने. रमाकांतला ही युक्ती एवढी आवडली की त्या दिवशी हसण्याच्या नादात त्याने एका फलकावर 'महाराष्ट्र'चा काना गाळला.

तीनेक वर्षं ती चौकट बकुळेने दुसऱ्या कुणाला पुसू दिली नाही. कोरडं फडकं हलक्या हाताने कडेकडेने फिरवायची. लवू संध्याकाळी तात्याकडे गेला की भिंतीला चिकटून तिरका उभा राहायचा. तिरकं पाहिलं की काचेवरची मिशी गालावर सरकायची आणि बाप दिसायचा. तात्याला वाटायचं, भावाची मान आखडलीय.

मग साठ सालचा एक मे उजाडला. अख्खं लालबाग रस्त्यावर होतं. बकुळा खाली चौकात तोरणं बांधत होती. तात्याला वाटलं, आज बाबांनाही हार घालावा. त्याने चौकट उतरवली आणि ओल्या फडक्याने खसाखसा पुसली.

लवू धावत खाली आला आणि बकुळेला वर घेऊन गेला. तात्या पलंगावर बसला होता, मांडीवर चित्र, हातात काळं झालेलं फडकं.

"हे तू केलंस?"

"मी मिशी लावली," बकुळा म्हणाली. "काढली तुम्ही."

लवूला वाटलं, आता भडका उडणार. तात्याने चित्र उजेडाकडे धरलं. मग म्हणाला, "गिरणीत लागलो तेव्हा पोरं मला द्रौपदीचो झील म्हणायची. द्रौपदीचा मुलगा. म्हणून मी मिशी वाढवली. आधी माझी, मग त्याची." त्याने काचेवरून चित्राच्या गालावर आलेला ओघळ बोटाने टिपला. "पण असाच दिसायचा रे तो. हुबेहूब."

बकुळेने फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि पदराने काच नीट कोरडी केली.

तात्या आपणहून बोलत सुटला. पडद्यामागे तो बापाच्या सोंगाची पेटी सांभाळायचा. बाप बांगड्या भरायला बसायचा तेव्हा हाताचा पंजा असा बारीक करायचा, आणि मनगट असं वळवायचा. सांगता सांगता तात्याने आपला जाडजूड हात पुढे केला, बोटं मिटली, मान किंचित कलती केली आणि न दिसणारी बांगडी मनगटावर चढवली. खाली ताशा वाजत होता. दारात शेजारी जमले होते, हार घेऊन, गुलाल घेऊन, आणि कुणाला आत यावं की नाही कळत नव्हतं.

लवू पुढे झाला आणि भावासमोर जमिनीवर बसला.

"तात्या," तो म्हणाला, "परत कर बघू."

तात्याने दाराकडे एकदा पाहिलं. मग दुसरा हात पुढे केला.