ब्रेकचं ऑइल

८ फेब्रुवारी, रविवार. काम : गाडीचं ब्रेक फ्लुइड बदलणे.

दर दोन वर्षांनी हे करावंच लागतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरलेलं फ्लुइड तापलं की उकळतं. मग पेडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, बॅटरीची टोकं साफ करणं ही कामं मी एकटी उरकते. याला मात्र दोन माणसं लागतात. एकानं चाकाशी पाना घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं ड्रायव्हरच्या सीटवर बसून सांगितल्याबरोबर पेडल दाबायचं.

आधी आईला बसवून पाहिलं. तिचा पाय पेडलपर्यंत पोचेना. सीट पुढं सरकवली तर म्हणाली, "आता स्टेअरिंग पोटात रुततंय. मला भाकरी थापायच्यात, सोड मला."

राहिले अण्णा, माझे वडील. बाजेवर बसून तेच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होते. ड्रायव्हरच्या सीटवर ते दोन वर्षांत एकदाही बसलेले नव्हते. त्यांचं गाडी चालवणं मीच बंद केलं होतं.

नवरा बदलीच्या नोकरीत, मी बीडच्या एका सरकारी कार्यालयात, म्हणून राहायला चौसाळ्याला आई-अण्णांकडे. मी रोज बसने बीडला जायची, त्यामुळे गाडी बहुतेक अण्णांकडेच असायची. दर पंधरा दिवसांनी ते धारूरला जायचे. तिथं त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, राहते. शेंगा, ज्वारीचा हुरडा, जे निघेल ते डिकीत टाकायचं, दिवसभर बहिणीजवळ बसायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. गाडी त्यांना त्यासाठीच हवी असायची.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका खेपेच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडून मी पातळ्या पाहिल्या. ब्रेक फ्लुइड खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. आता कळतं, ते असं कमी झालं तर पॅड झिजलेले असतात किंवा कुठं तरी गळत असतं. आधी कारण शोधायचं, नुसतं वरून ओतायचं नाही. तेव्हा मला एवढंच सुचलं की दुसऱ्या दिवशी अण्णा धारूरला निघणार आहेत. बाटली आणायची राहून गेली. सकाळी कार्यालयातून फोन केला. "अण्णा, गाडीच्या ब्रेकचं ऑइल कमी झालंय. निघायच्या आधी तेवढं टाका." टेबलापुढं चार माणसं उभी होती, म्हणून लगेच फोन ठेवला.

ऑइल हा शब्द सगळेच वापरतात. दुकानदारही 'ब्रेक ऑइल' मागितलं की बरोबर बाटली देतो. पण अण्णांनी सगळा जन्म ट्रॅक्टर चालवला. आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या पेटीत तेलात बुडालेले असतात. गिअरचं तेल तेच ब्रेकचं तेल, दोन्हींना एकच डबा. तो डबा आमच्या शेडमध्ये कायम असतो. अण्णांनी स्वच्छ फडक्यानं झाकण पुसलं, फनेल लावलं आणि डब्यातलं तेल बरोबर वरच्या रेघेपर्यंत ओतलं. झाकणावर काय घालायचं ते लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. अण्णांना इंग्रजी येत नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

त्या दिवशी काहीच झालं नाही. धारूरला जाऊन आले, पुढचे आठ-दहा दिवस गावातल्या गावात फिरवली. पुढच्या खेपेला आत्या आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, यांना घेऊन ते घाटाखाली एका साखरपुड्याला निघाले. अर्ध्या घाटात करपल्याचा वास आला, पुढच्या चाकातून धूर निघाला आणि पेडल खाली जाऊन बसलं. अण्णांनी गिअर खाली खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली. आत्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कुणाला काही नाही. त्या जागी मी असते तर मला ते जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

मी फिटरला घेऊन तिथं पोचले तेव्हा रस्त्याकडेला वीसेक माणसं जमली होती. फिटरनं झाकण उघडून बोट बुडवलं, बोटं चोळली आणि म्हणाला, "ताई, यात गिअरचं तेल घातलंय कुणीतरी. आतले सगळे रबर फुगलेत. चाकं धरून ठेवली त्या रबरांनी, म्हणून तापली. वरपासून खालपर्यंत सगळं बदलावं लागंल."

सगळे अण्णांकडे बघायला लागले.

"फोनवर तू..." अण्णा बोलायला लागले.

"फोनवर मी काय म्हणाले ते सोडा," मी म्हणाले. "इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवलात ना? ब्रेकमध्ये काय घालतात तेवढंही कळत नाही? आणा ती किल्ली."

त्यांनी किल्ली दिली. पुन्हा कधी मागितली नाही.

फोनवर काय म्हणाले होते ते मला तिथंच, त्या वीस माणसांसमोर, लख्ख आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच मी त्यांना बोलू दिलं नाही.

गाडी दुरुस्त झाली. फिटरच्या मागं लागून मी त्याच्याकडून एकेक काम शिकून घेतलं. लोक कौतुक करतात, बाई असून गाडीचं सगळं स्वतः करते म्हणून. अण्णा सुरुवातीला बस बदलत बदलत धारूरला जायचे. मग गुडघे दुखतात म्हणाले. मग मला रजा असेल तेव्हाच जाणं व्हायला लागलं, आणि रजा मला क्वचितच असायची. दोन वर्षांत चार खेपा झाल्या. त्याच दोन वर्षांत आत्याची स्मरणशक्ती उतरत गेली.

तर आजचं काम. सपाट फरशीवर गाडी, पहिल्या गिअरमध्ये. एका वेळी एकच चाक उचलायचं. बाकीच्यांना पुढून-मागून दगड लावायचे आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड द्यायचाच, नुसत्या जॅकवर विसंबून चाकाशी बसायचं नाही. हातात मोजे, कारण हे फ्लुइड कातडीला वाईट आणि रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. बाटली सीलबंद, आजच फोडलेली.

"अण्णा, जरा येता का? सीटवर बसून ब्रेक दाबायचाय."

"मला कावून बोलावतीस? दुसरं कुणी बघ की."

"गाडी जागची हलणार नाही."

"हलणार न्हाई म्हणून मला बसवतीस व्हय?" असं म्हणाले, पण उठले. सीट स्वतःच मागं घेतली. आरसा मात्र होता तसाच ठेवला.

मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. ब्रेकच्या निपलला, म्हणजे फ्लुइड बाहेर सोडायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं.

"दाबा."

"दाबलं."

"धरा." मी निपल पाव फेरा ढिला केला. काळ्या चहासारखं जुनं फ्लुइड नळीतून आलं. निपल आवळला. "सोडा." निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा आत जाते. अण्णांनी एकदाही तसं केलं नाही. मधूनमधून मी उठून बॉनेटखालचं फ्लुइडचं भांडं भरत राहिले. ते रिकामं झालं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

तिसऱ्या चाकावर मी म्हणाले, "दाबा. धरा. अण्णा, त्या वेळी फोनवर मी ऑइल म्हणाले होते."

 मला खालून फक्त ब्रेकची चकती दिसत होती.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

"नाही. धरा. आता सोडा."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्या दिशीच ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलू दिलंस व्हय? आन् नंतर बोलून काय. लोकाम्होरं लेकीला खोटं पाडायचं व्हय?"

मी नळीचं टोक बाटलीत नीट बसवलं. मग म्हणाले, "गाडी चालवायला लागा पुन्हा. आत्याकडं जात जा."

"लायसन संपलं गेल्या दिवाळीत. आन् आता डोळ्याला समोरच्या गाडीची लाईट फुटती. ऱ्हाऊ दे." मग पुढं म्हणाले, "तिकडं जाऊन बी काय. मागच्या खेपंला मला 'कुणाचे पाव्हणे' म्हणली. आन् भाचा हाय लई शहाणा. दिसलो की पयलं हेच. 'मामा, ब्रेकात भजी तळली का आज?' सुनंम्होरं, शेजाऱ्याम्होरं. हसावं लागतं."

भजीचा विनोद मला माहीत होता. दोन लग्नांत माझ्यासमोर झाला होता. मीही हसले होते.

चौथ्या चाकातून स्वच्छ, फिकट पिवळं फ्लुइड आलं तेव्हा अकरा वाजले होते. चाकं बसवली, नट आवळले. पेडल उंच आणि कडक लागत होतं. अण्णांनी आणखी दोनदा दाबून पाहिलं, "ठीक हाय" म्हणाले आणि उतरून बाजेवर जाऊन बसले. तिथं गुडघा चोळत राहिले. एवढ्या दाबण्यानं पूर्वी तो दुखला नसता.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साहेबांना रजेचा निरोप पाठवला. बॉनेट उघडून पातळी पाहिली, चारही निपल कोरडे आहेत याची खात्री केली. आधी मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू जाऊन ब्रेक लावून पाहिले, मग फिटरच्या दारात थांबून त्याच्याकडून एकदा तपासून घेतले. नंतर अण्णांना शेजारी बसवून धारूरला नेलं.

आतेभाऊ ओसरीतच होता, त्याची बायको आणि शेजारचे दोघं चहा पीत होते. "या मामा," तो म्हणाला, "आज काय तेलाच्या डब्यासंगट आलात का?"

मी चप्पल काढायच्या आत सांगितलं. ऑइल टाका, असं मीच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मी सांगितलं तेच केलं. घाटात गाडी थांबवली तीही त्यांनीच, म्हणून तू आज हसायला आहेस.

त्यानं कप खाली ठेवला. "मग ताई, इतके दिस तू बोलली न्हाईस?"

"नाही बोलले," मी म्हणाले.

अण्णा आत आत्याच्या खाटेजवळ गेले होते. "कुणाचे पाव्हणे?" तिनं विचारलं. त्यांनी आपलं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, मग आपल्या आईचं नाव सांगितलं. मी बाहेर ओसरीत बसून राहिले. दुपारी ते स्वतः निघू म्हणेपर्यंत आत गेले नाही.