कपाटातला मायक्रोमीटर

शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात नव्या इंजिनिअरांची भरती होती. मी बातमीसाठी गेलो होतो. कामाची परीक्षा एक वयस्कर टर्नर घेत होते. प्रत्येकापुढे ते लोखंडी पिन आणि मायक्रोमीटर ठेवत, पिनेची जाडी मोजायला सांगत. मायक्रोमीटर परत आला की फडक्यानं पुसून डबीत ठेवत.

पहिल्या वर्गात पास झालेल्या एका मुलीनं तो पान्यासारखा करकचून आवळला.

“आवळू नका मॅडम, त्यो पाना न्हाई,” टर्नर म्हणाले. मागची मुलं हसली.

“सर, कॉलेजात हा कपाटात असायचा. आम्ही फक्त आकृती काढली.”

टर्नरचा फडक्यावरचा हात थांबला. मग त्यांनी कागदावर ‘नापास’ लिहिलं.

दुपारी कँटीनमध्ये तीच मुलगी त्यांच्या डब्यातली भाकरी खात होती. “आबा, तुम्ही पण खा ना,” ती म्हणाली.

“थोरली लेक माझी,” ते मला म्हणाले. “तीस वर्षं ह्येच काम करतोय. हिला कवा दाखवलं न्हाई. कॉलेजात शिकवत असतील, आपण अडाण्यानं मधी कशाला बोलायचं?”

बोलताना ते तिच्या हातांकडे बघत होते.