जास्तीचं पाऊल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे भूतमास्तर म्हणतात. दिसायला माणूस पोस्टाच्या पाकिटासारखा, सरळ आणि सपाट. कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो, येताना ब्रेड आणतो. भुताशी त्यांचा संबंध इतकाच, की तरुणपणी त्यांनी एक गेम केला होता आणि त्यावर ते आजतागायत जगत आले. पोटाने नव्हे हो, पोटाला क्लास आहे. मानाने.

गेम असा. एक बंद पडलेलं लॉज, हातात दिवा, आणि हरवलेल्या बहिणीला शोधायचं. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. फक्त तुम्ही चालता चालता थांबलात, की तुमच्या मागे आणखी एक पाऊल पडतं. टप्. बस्स. तेवढ्याने त्या काळी भलेभले खुर्चीवरून उठून दिवे लावायचे. माझ्या थोरल्याने महिनाभर संडासला जाताना दार उघडं ठेवलं होतं. आता तो मोठा साहेब आहे, हे मी सांगितलं असं त्याला सांगू नका.

त्या एका पावलावर मास्तरांनी किती मुलाखती दिल्या! "भीती दाखवायची नसते, ऐकवायची असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणताना चष्मा काढायचे. आमची ही म्हणायची, "चष्मा काढला, आता भीती येणार."

खरी गोष्ट वेगळी होती. ती वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, आमच्या हिला सांगितली आणि हिने 'कुणाला सांगू नका' म्हणून मला सांगितली, म्हणजे ती सगळ्यांना माहीत आहे. आवाजांचं सगळं काम वहिनींचं होतं. पावलांचा आवाज धरायला मास्तर बूट घालून जिन्यात चालत होते आणि मागे वहिनी माइक धरून, पायात घरातल्या चपला. मास्तर थांबले. वहिनींचं एक पाऊल पडायचं ते पडलंच. पुढे तो तुकडा कापायचा राहून गेला. गेममध्ये ते ऐकू आल्यावर मास्तरांना वाटलं, आपलंच पाऊल चुकून दोनदा जोडलं गेलंय, आणि ते वहिनींच्या अंगावर वस्सकन आले होते, "एवढं साधं काम नीट करता येत नाही? काढून टाक ते!"

पण काढायच्या आत वहिनींचा भाऊ खेळायला बसला. म्हणजे मास्तरांचा मेहुणा, गेम विकायचं काम त्याच्याकडे. तो ते पाऊल ऐकून स्टुलावरून खाली आला. उठल्यावर म्हणाला, "भावजी, हे कुणी केलं? याला हात लावू नका!"

मास्तरांनी चष्मा काढला.

तेव्हापासून ती चूक मास्तरांची झाली. गेमच्या शेवटी 'संकल्पना आणि निर्मिती' खाली मास्तर, आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'विशेष आभार: सौ.' सौ. कोणाची, तेही नाही.

अशी वर्षं गेली. आणि मागच्या वर्षी मेहुणा पेढ्यावाचून तोंड गोड करायला आला. एका कंपनीला तोच गेम नव्याने करायचा होता, हातात धरून खेळायच्या त्या छोट्या कन्सोलसाठी. मास्तर सल्लागार. क्लासातून रजा काढून ते नव्या शर्टात निघाले, तेव्हा जिन्यात मी विचारलं, "काय मास्तर, पुन्हा भूत उठलं म्हणायचं?"

"उठलं नाही, मी उठवतोय," म्हणाले. "पहिल्याच दिवशी बजावून ठेवणार आहे, सगळं बदला, पण त्या पावलाला धक्का लावायचा नाही."

तिथल्या टीमची प्रमुख एक तरुण मुलगी होती. लहानपणी याच गेमने तिची झोप उडवलेली, म्हणून मास्तरांना अगदी देव मानायची. तिने लॉजची भिंत न् भिंत नव्याने काढून घेतली. जुने आवाज खरखरत होते, म्हणून पावलंही स्टुडिओत नव्याने धरली. एक उत्तम बूट, एक उत्तम माणूस, मागे कोणी नाही. थांबल्यावर त्याच बुटाचं एक पाऊल जास्तीचं जोडून दिलं. मास्तर खूश.

मग गेम कन्सोलवाल्यांच्या तपासणीला गेला आणि परत आला. त्यांचं म्हणणं, बटण सोडलं तरी माणूस एक पाऊल चालतोच, बटण अडकतंय. दुरुस्त करा, नाहीतर पास करणार नाही.

"सर, त्या इवल्या स्पीकरमधून ते भूत वाटतच नाही हो," मुलगी म्हणाली. "बटण खराब झाल्यासारखं वाटतं. जुन्यात ते खरंच मागून यायचं. तुम्ही नेमकं काय केलं होतंत? सांगा, तसंच करू. नाहीतर काढावं लागेल."

मास्तरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. सांगणार काय? त्यांनाच माहीत नव्हतं! इतकी वर्षं त्या पावलाचे हार गळ्यात घालून हिंडले, पण ते कुणाच्या पायाचं, हे कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ते कन्सोल घरी घेऊन आले. मी कान लावत नाही, पण आमच्या इमारतीच्या भिंतीच अशा आहेत, की कान आपोआप लागतात.

"अगं, जरा ऐकतेस का हे?"

"भाजी चिरतेय. बोला."

"ते पाऊल... तेव्हा तू काय केलं होतंस?"

सुरीचा आवाज थांबला. "मी? ते तर तुम्ही केलं होतंत ना? मुलाखतीत वाचलंय मी."

"टोमणे नंतर मार. गेम अडकलाय."

मग वहिनींनी सांगितलं. बूट, चपला, जिना, सगळं. मास्तर म्हणाले, "म्हणजे ते तू होतीस?"

"मीच. तुमच्या मागे आणखी कोण चालणार होतं?"

"मग चल की उद्या स्टुडिओत. मी पुढे, तू मागे. पाच मिनिटांचं काम."

"येते. पण माझं नाव घालायचं. मोठ्या अक्षरात, 'पाऊल' असं लिहून त्याखाली."

आता बघा, हातातली गोष्ट होती. 'हो' म्हटलं असतं तर भूत वाचलं असतं आणि संसारही जरा बरा दिसला असता. मास्तर म्हणाले, "अगं, आता इतक्या वर्षांनी? मी सगळीकडे काय सांगत आलोय ते ठाऊक आहे ना तुला? लोक काय म्हणतील? तुझा भाऊ हसेल. असं करू, 'विशेष आभार' जरा वर घेऊ."

"वर म्हणजे किती वर?"

"एक ओळ."

सुरी पुन्हा चालू झाली. टक्, टक्, टक्.

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच गेले. मुलीला म्हणाले, "ते पाऊल काढा. काळ बदललाय." तिने दोनदा विचारलं, "सर, नक्की? तुमची सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती." त्यांनी मान डोलावली.

गेम पास झाला. बाजारात आला. बरा चालला. लोकांनी दिव्याच्या उजेडाचं कौतुक केलं. कुणीतरी लिहिलं, लहानपणी याला का घाबरायचो तेच कळत नाही. मेहुण्याने ते मास्तरांना फोनवर वाचूनही दाखवलं. कौतुक समजून दाखवलं की मुद्दाम, ते मला नाही सांगता येणार, मेहुण्यांची जात आहे.

कंपनीने पाठवलेला कन्सोल घेऊन मास्तर परवा गॅलरीत बसले होते. खाली माझी खुर्ची. बुटांची पावलं वाजत होती, स्वच्छ, एकसारखी. मग थांबली. मग काहीच नाही. पुन्हा पावलं, पुन्हा काहीच नाही.

"ऐकलंस का गं?" मास्तरांनी आत विचारलं.

"काय?"

"थांबल्यावर... काहीच येत नाही."

"मग बरोबर आहे की," वहिनी आतून म्हणाल्या. "हेच तर तेव्हा करायला सांगितलं होतंत मला. झालं एकदाचं."